उघडी भट्टी

इराणमधल्या झाग्रोसच्या डोंगरातून आलेलं एक उतारवयाचं जोडपं जळीत वॉर्डाबाहेर बसलं होतं. त्यांचा मुलगा मेहराब आत होता. ओकच्या रानात वणवा पेटला, तो विझवायला गेला आणि स्वतःच होरपळला. समोरच्या बाकावर फरंगीस नावाची एक अनोळखी बाई आपल्या बहिणीसाठी चहा ओतत होती.

"ओल्या फांद्या मोडून आग झोडपत होती म्हणे पोरं. फांद्यांनी कुठं वणवा विझतो?"

"दुसरं होतंच काय त्यांच्या हाताशी?"

"सासूबाईंनी दुष्काळात त्याच ओकच्या फळांची भाकरी करून तुम्हाला जगवलं. ती झाडं गेली, आता पोरगाही..."

"गप बस गं."

"का गप बसू? ज्यानं कोळशाची भट्टी उघडी टाकून हा वणवा लावला, त्याचं तळपट होवो! त्याचाही पोरगा असाच जळो!"

"कश्वर, असं बोलू नये."

"बोलणार! चोरून कोळसा पाडतात मेले, आणि वर माती लोटायचाही कंटाळा. तुम्ही तो धंदा सोडलात, म्हणून आज इथे मान वर करून बसलेय मी."

"कंटाळा नसेल केला. जंगलखात्याची जीप आली अचानक. माती लोटायला वेळच नाही मिळाला."

"जीप आली होती? तुम्हाला कुणी सांगितलं?"

फरंगीसचा चहा कपाबाहेर सांडला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"तेवढा शाप मागे घे, कश्वर. आधी तो मागे घे."