वेगळी कॅन

विमलताई: डबा आनला व तुह्यासाठी. घाटंजीहून आली तशी तू उपाशीच असशीन. दोन घास खाय.

कौसल्या: डबा ठेवा तिकडं. खताचं नाव सांगा.

नर्स: मावशी, डॉक्टर पुन्हा विचारताहेत. पायलच्या पोटात नक्की काय गेलं, कळलं का? पोरगी बोलत नाही, ओठ-नखं निळी पडत चाललीत. नुसतं ‘खताचं पाणी’ म्हणून कसं भागेल? खतं काय एक आहेत का?

कौसल्या: या बाईच्या वावरात निंदाले गेलती माही पोरगी. तिथचंच पानी पेली. यायले पुसा.

विमलताई: मले नाही माहीत हो सिस्टर. खताबिताचं हेच पाह्यतेत.

नर्स: मग त्यांना फोन करा. खताचा पुडा घेऊन या म्हणावं.

विमलताई: त्यायचा फोन लागून नाही राह्यला.

नर्स: लावत राहा हो! मी आत आहे.

कौसल्या: तुमच्या मालकाचा, नानाजीचा फोन लागत नाही. तुमाले डबा देऊन यवतमाळले धाडाले बरं सुचलं त्यायले.

विमलताई: हळू बोल, लोकं पाहून राह्यले. कोनी मुद्दाम केलं का, सांग? कापसाच्या पऱ्हाटीची फवारनी अर्धी झाली अन् आभाय आलं. पंपातलं उरलेलं खताचं पानी एवढं महागाचं, फेकावं कसं? म्हनून ह्यायनं कॅनात ओतून ठेवलं.

कौसल्या: कोन्या कॅनात?

विमलताई: आता तुले माहीत हाये.

कौसल्या: तुमच्या तोंडानं सांगा.

विमलताई: मजुरायच्या.

कौसल्या: मजुरायच्या नोका म्हनू. हरिसिंगभौ बी मजूरच हाये, तो तुमच्या कॅनातलं पेते. आमची म्हना. बौद्धवाड्यातल्या बायायची. तुमची कॅन बाजूलेच होती ना? तिच्यात काहून नाही ओतलं?

विमलताई: तिच्यात कसं ओततीन? ती पेयाच्या पान्याची हाये.

कौसल्या: अन् आमची? पाय धुयाची?

विमलताई: तसं नाही व. सासूबाई होत्या तवापासून वेगयीच ठेवत आलो. तिच्यातलं कोनी पेते, हे ह्यायच्या ध्यानातच नाही राह्यलं.

कौसल्या: वा रे वा! दिवसभर उन्हात वाकून तुमचं वावर निंदतो, तवा आमी ध्यानात राह्यतो. पानी पेतो तेवढंच नाही राह्यत! पोट्टी म्हने, आई, पानी खारट लागून राह्यलं. मी म्हनलं, ती कॅन कोन धुते रोज, पेय चुपचाप. मीच म्हनलं, ताई. माह्याच तोंडानं.

विमलताई: रडू नोको. पाह्य, हे भेलेत. पोलीस केस होईन म्हनून सारे पुडे जाळून टाकले. हे म्हने, कौसल्या जर म्हनीन का पोरीनं घरीच चुकून पेलं, तं नाव सांगून दे.

कौसल्या: म्हंजे नाव माहीत हाये तुमाले.

विमलताई: तसंच सांगू नोको म्हनलं ह्यायनं.

कौसल्या: माही पोरगी आत निळी पडून राह्यली, अन् तुमी इथं सौदा करून राह्यल्या? लाज नाही वाटत, ताई?

विमलताई: मी कुठं करून राह्यली? धाडलं म्हनून आली. मलेही पोरगी हाये व.

कौसल्या: हाये ना, समीक्षा. तिले पाजा मंग आमच्या कॅनातलं घोटभर! ...जाऊ द्या. म्हनीन. घरीच पेली म्हनीन. सांगा लवकर.

विमलताई: शपथ घे.

कौसल्या: पायलची शपथ. बोला आता!

विमलताई: तेरा-झिरो-पंचेचाळीस. साखरेवानी पांढरं असते.

कौसल्या: सिस्टर! ओ सिस्टर! तेरा-झिरो-पंचेचाळीस म्हना डॉक्टरले! तेरा-झिरो-पंचेचाळीस!

नर्स: नक्की ना? अहो, मग मघाशी का नाही सांगितलं? थांबा, सांगते आत.

(बऱ्याच वेळानं.)

नर्स: मावशी, इंजेक्शन दिलंय. ओठांचा रंग जरा फिरायला लागला. रात्रभर लक्ष ठेवावं लागेल, पण आता डॉक्टरांना जरा आशा वाटतेय. आणि पोलीस येतील जबाब घ्यायला. कुठं प्याली, कशी प्याली, नीट सांगा त्यांना.

कौसल्या: हो बाई. उपकार झाले तुमचे.

विमलताई: कौसल्या, पोरीची शपथ घेतली व तू.

कौसल्या: घेतली ना. मी म्हनीन तुमी सांगतलं तसंच. पन शुद्धीवर आली का पायललेही इचारतीन ते. तिले काय बोलाचं ते मी नाही सांगनार, ताई. तुमीच जा तिच्यापाशी, तिच्या तोंडाकडं पाहून सांगा.