भिमाजीचं एचडी

नाही, पण मला सांगा, टीव्हीचा बॉक्स बदलायची गरज काय होती? चांगलं धुरकट दिसत होतं. टीव्हीवर बैलगाड्यांची शर्यत लागायची, बैल धुरळ्यात पळायचे आणि आमचा भिमाजी त्यातल्या एका पांढऱ्या ठिपक्याकडं बोट करून म्हणायचा, "ह्यो आपला काजळ्या." सुखात होता माणूस. तुम्हाला सांगतो, कुरुळीत चाळीस वर्षं त्याच्या भिंतीला माझी भिंत आहे...

काजळ्या त्याचा बैल, अंगानं पांढरा, फक्त डोळ्यांना काजळाची रेघ. जमीन कंपनीत गेली, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उठल्या आणि पोरानं, रणजीतनं, बैल विकला. बापाला म्हणाला, "जुन्नरच्या गाडामालकाला दिलाय पप्पा, शर्यतीच्या घाटात पळंल." तेव्हापासून म्हातारा टीव्हीत बैल शोधतो. निवेदक बोंबलतोय, "बादल पुढं, बादल पुढं," तर हा म्हणतो, "मालकानं नाव बदललं आसंल." आता याला काय बोलणार?

मग कळलं, चॅनल एचडी होणार, नवा बॉक्स घ्या. भिमाजी म्हणाला, "घे रं, लख्ख दिसंल." रणजीत म्हणाला, "हाय तेच बरं हाय, पप्पा." एरवी दर वर्षी नवा मोबाईल घेणारा पोरगा... तेव्हाच मला कळायला हवं होतं की नाही? पण मीच शहाणा, मीच म्हणालो, घे बाबा, बापाची हौस आहे.

छत्रीवाला गच्चीवर चढला, डिशची छत्री फिरवली, बॉक्स जोडला आणि चित्र कसं... लख्ख.

भिमाजीनं सगळे भाडेकरू बोलावले. नागसेनची सेकंड शिफ्ट होती, त्यालाही दंडाला धरून बसवला. भिमाजीच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, भेळ केली. "आता बघा माझ्या लेकराला." गाडा सुटला, घाट चढला, बैल थांबले, कॅमेरा जवळ गेला... केस न् केस मोजून घ्या, इतकं लख्ख. भिमाजी पुढं सरकला. मग हळू म्हणाला, "ह्याचं दोन्ही कान धड हायेत."

काजळ्या वासरू असताना कुत्र्यानं त्याचा डावा कान फाडला होता हो. यानंच हळद भरली होती, मांडीवर घेऊन.

नागसेन म्हणाला, "काका, मग तुमचा कुठंय? पंक्चर झाला काय?" सगळे हसले. भेळ खात हसले. भिमाजीनं रणजीतकडं बघितलं. "कुणाला दिलास रं?" रणजीत मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "शर्यत बघा ना, पप्पा." आणि त्याचं तोंड... तेही लख्ख दिसलं सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी भिमाजीनं डिशच्या कंपनीला फोन लावला, जुना बॉक्स परत द्या. तिकडून बाई गोड आवाजात, "सर, चित्रात काही अडचण आहे का?"

"व्हय. लख्ख दिसतंय."

"धन्यवाद सर, तुमची तक्रार बंद करते."

आता शर्यत लागली की भिमाजी चष्मा काढून खिशात ठेवतो आणि बोट करतो, "ह्यो." मला तर दिसतं ना, हा काजळ्या नाही ते... मग मीही माझा काढतो. एवढं एचडी आणलं, आणि बघायला आम्ही दोन आंधळे.