पाण्याच्या विषयाआधी

नाही रे कमरुद्दीन, गेला शुक्रवार नव्हे, त्याच्या आधीचा. त्या दिवशी सकाळपासून वाळूचा वारा सुटला होता — सूर्य पिठात लोळवल्यासारखा, खाडीपलीकडचा देरा भाग दिसेना, चहातसुद्धा वाळू कचकच करत होती. बोटींवरची मालाची चढउतार बंद, म्हणून तर जमातीच्या बैठकीला एवढी माणसं, खजुरीच्या झापांची खोली गच्च. तू तेव्हा दुबईत नव्हतास, परवाच्या आगबोटीनं आलास — शिकलेला, म्हणून वही तुझ्या हाती दिली. वाच बरं, काय लिहिलंय त्या दिवशीचं? पाण्याचे डबे महागले, गाढववाल्याशी कोण बोलणार — हं, बरोबर. खोलीची झापं बदलायची, तेही आहे. आणि लियाकतचं? नाही ना? मला वाचता येत नाही, पण नसणार हे ठाऊक होतं.

लियाकत माझ्या शेजारच्या खोलीतला, दाभोळकडचा. बैठकीत मध्येच उभा राहिला — हातात पत्र — म्हणाला, "माझी मुलगी गेली. सव्वा महिन्याची होती." एवढंच. मग कुणीतरी म्हणालं, अल्लाची मर्जी, बस भाई, आता पाण्याचं घेऊ, असरच्या नमाजाची वेळ होत आली. कुणीतरी म्हणजे — आता तुझ्यापासून काय लपवू — मीच म्हणालो. वयानं मोठा म्हणून पुढं बसवतात, मग बोलावं लागतं. वाईट मनात नव्हतं रे. माझी बायको मरियमबी गेली तेव्हा मी बोटीवर, दोन महिन्यांनी कळलं, कुणाला बोललो नाही, दोर ओढत राहिलो. मला वाटलं, असंच करतात. लियाकत खाली बसला, पत्राची घडी घातली, आणि पाण्याच्या ठरावाला सगळ्यांबरोबर हातसुद्धा वर केला त्यानं. तो हात मला अजून दिसतो.

म्हणून म्हणतो, उद्याच्या बैठकीत पाण्याच्या आधी एक विषय घाल — ज्याच्या घरचं कुणी गेलंय त्यानं सांगावं, नाव घ्यावं, आणि आपण नुसतं ऐकावं. हसतोस काय? माझ्या खोलीतला रफिकही हसला, म्हणाला, चाचा, जमात काय रडायला भरते? मग कुठं रडायचं बाबा — एकेका खोलीत नऊ माणसं, पाळीनं झोपतात, तिथं? लिही, सावकाश लिही, मला घाई नाही.

पहिलं नाव त्या पोरीचं घाल. त्यासाठीच काल लियाकतच्या दारात गेलो. तो कंदिलाची काच पुसत होता. म्हटलं, चूक झाली माझी, पोरीचं नाव सांग, पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचायला लावतो. आपल्याकडं बाप परदेशात असला की नाव तोच पत्रानं कळवतो, तोवर पोरीला नुसतं बाळ म्हणतात — तुझ्याही घरी असंच असेल. मग त्यानं काच खाली ठेवली, आणि म्हणाला, "बानू. लिहून पाठवलं होतं, चाचा, पण माझं पत्र पोचायच्या आधीच ती गेली. त्या नावानं तिला अजून कुणी हाक मारलेली नाही."