माघ्याएवढं पोर

(खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचं पत्र्याचं चर्च. उपासना सुटून माणसं पांगलीत. म्हातारी रखमी मात्र भिंतीवरच्या, उपाशी पोराचा फोटो असलेल्या नव्या बॅनरपुढून उठेना.)

सपना : आये, चल ना गं. जीप सुटली तं पायी तंगड्या तोडाव्या लागतील. त्या बॅनरला काय बघत रायलीस?

पास्टर कमलेश : बघू दे तिला, सपना. पुढच्या रविवारी मिशनचा रविवार आहे. आजी, तुम्ही फक्त उभं राहून साक्ष द्यायची. परदेशातल्या सेवेसाठी गेल्या वर्षी मी माझी बियाण्याची नागली दिली, एवढंच बोला. तुम्हाला बघून बाकीच्यांचे हात सैल होतील.

सपना : हात सैल होतील? पास्टर, हिनं बियाणं दिलं नि आमचा वरला तुकडा पड रायला. मी नि हिचा पोरगा जगन भिवंडीला वीटभट्टीवर गेलो. जगन अजून तिथंच हाय, विटा थापतोय. अरे, भुकंनं जीव जायची पाळी आली तरी माणूस बियाण्याला हात लावत नाय!

पास्टर : त्यालाच अर्पण म्हणतात, बाई. पवित्र शास्त्रात त्या विधवेनं दोन टोल्या, म्हणजे दमडीच की, दानपेटीत टाकल्या, तिच्याकडं दुसरं होतं काय?

सपना : तिच्या घरात सून नसंल.

रखमी : गप गं तू. पास्टर, मला एक सांग. हा तोच पोर ना? मागल्या वरसाला लावला होतास तोच?

पास्टर : हो, आफ्रिकेतला. वरच्या ऑफिसानं नवा बॅनर पाठवलाय.

रखमी : बॅनर नवा. पोर तेच.

पास्टर : म्हणजे... फोटो तोच आहे, आजी.

रखमी : वाढला नाय.

पास्टर : अहो, फोटो कसा वाढेल?

रखमी : माझी नागली पोचली, त्याच्या आयनं आंबील शिजवली, पोर पोटभर प्यायला, तं गाल नाय भरायचे? मंग भरल्या गालांचा फोटो काढला असता ना कोणी. ह्या त्याच बरगड्या. डोळ्यावरली माशी पण तीच.

पास्टर : आजी, नागली तशीच्या तशी तिकडं जात नाही हो. इथं चर्चमध्येच लिलाव होतो. तुमची नागली बाजारातल्या एका दुकानदारानं घेतली. पैसे वर गेले. तिकडं प्रचारक आहेत, सभा होतात, शास्त्र छापून वाटतात...

रखमी : म्हंजे आंबील शिजलीच नाय.

पास्टर : सुवार्ताही भाकरीच आहे, आजी. आपल्या आज्यापणज्यांच्या काळात परदेशातल्या कुणीतरी आपल्या ताटातलं काढून दिलं, म्हणून तर ती आपल्या डोंगरात आली.

रखमी : तिकडनं येतं ते कसं येतं, मी पायलंय. तवा आम्ही वावर गावाला रायचो. त्या वरसाला पोरं पटापट जात होती. माझा माघ्या ह्याच्याएवढाच. असाच बसायचा, मान टाकून. गाड्या आल्या, सायेब आले, फोटो काढला. मंग दुधाची पावडर आली. पावडर आली तवा आम्ही त्याला मातीत घालून घरी येत होतो. वाटंतच गाठ पडली गाडीची.

सपना : आये... हे तू कधी बोलली नाय.

रखमी : काय बोलायचं? ह्या पोराला बघितला नि बियाण्याचं मडकं उचलून आणलं. म्हटलं, ह्याला तरी येळंवर मिळू दे. पास्टर, खरं सांग. हाय का तो?

पास्टर : मला माहीत नाही.

रखमी : मंग कोणाला माहीत?

पास्टर : ऑफिसात विचारलं असतं, पण... त्यांनाही फोटो कुठून तरीच मिळाला असेल.

रखमी : मेला तो.

पास्टर : असं नका हो बोलू, देवाच्या घरात बसून!

रखमी : जित्या पोराचा फोटो बदलतो. मेल्याचा तोच तोच लावतात. माघ्या गेला, दुसरा पावसाळा लागला, तरी त्याचा फोटो छापत होते. मी मोखाड्याच्या बाजारात सुकट घेतली. घरी येऊन पुडी सोडली, तं पेपरात माघ्या. त्याच्या तोंडावर सुकट.

सपना : चल आये. उठ. नको बोलू आता.

पास्टर : साक्ष राहू द्या, आजी. मी वर काहीतरी सांगतो. ते मलाच विचारतात, तुझ्या मंडळीचं अर्पण एवढंसंच का? मी तरी कुणाच्या चुलीत हात घालू?

रखमी : दिलं असतं. यंदा मडक्यात काय नाय. तू फक्त ह्याला भिंतीवरनं काढ.

पास्टर : पुढचा रविवार होऊ दे ना, आजी. त्याला बघूनच लोक देतात.

रखमी : त्याची आय पण कुठंतरी बाजाराला जात असंल, पास्टर.