पिस्त्याच्या रंगाचं छत

शाहिनाज : आई, हलू नकोस गं.

रौहिया : हलत नाहीये. गॅस बंद केलाय का, तेवढं बघून येते.

शाहिनाज : शेगडी सकाळीच टेम्पोतून गेली. एव्हाना इस्माइलियाला पोचलीसुद्धा असेल, तुझ्या लेकाकडे, हुसामच्या घरी.

रौहिया : मग हा वास कसला?

शाहिनाज : मामानं वाटेत खायच्या फतीरचा, त्या तुपातल्या रोट्यांचा डबा उघडलाय.

बयूमी : एक तुकडा घेतला, एक! सकाळपासून बहिणीचं सामान चार मजले उतरवतोय. ताई, तेवढी बॅग दे, गाडीत ठेवून येतो.

रौहिया : तिला हात लावू नकोस. ती माझ्याजवळ राहील.

बयूमी : बरं बाई. पण आटपा. दुपारची असरची नमाज झाली की घरमालक किल्ली मागायला येईल.

शाहिनाज : मामा, दोन मिनिटं गप्प बस. आई, इकडे बघ. हनुवटी थोडी खाली. अशीच... झाला फोटो.

रौहिया : झाला ना? चला.

शाहिनाज : थांब. हे काय झालं?

बयूमी : बघू, बघू. या अल्ला! ताई, मुलुखियाच्या हिरव्यागार भाजीत बुडवून काढल्यासारखी दिसतेस.

रौहिया : दाखव. ...शी! आजारी बाई वाटते.

शाहिनाज : मामा, हे छत कधी रंगवलंस?

बयूमी : भावजी गेल्यावर, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी. कुराण ऐकताना माणसं वर बघतात, त्यांना पोपडे दिसू नयेत म्हणून. एका कॉफीच्या दुकानाचं काम केलं होतं, त्यातला पिस्ता रंग उरला होता. भिंतींनाही तोच मारला. एक पैसा घेतला नाही.

शाहिनाज : बाबा दर बकरीदेच्या आधी हे छत स्वतः पांढरं करायचे. का, असं कधी विचारलं नाहीस?

बयूमी : मला वाटायचं, हौस.

रौहिया : मला वाटायचं, छळ. टेबलावर चढायचे आणि चुना ठिबकायचा माझ्या भांड्यात.

शाहिनाज : अगं, फ्लॅशचं तोंड ते कधी माणसाकडे करायचे नाहीत. वर छताकडे करायचे. उजेड छतावर आपटायचा आणि मऊ होऊन खाली यायचा. त्यांच्या स्टुडिओचं छत फार उंच, तिथून उजेड खाली पोचायचाच नाही, म्हणून तर नवऱ्या मुलींना चार जिने चढवून या खोलीत आणायचे. छत हिरवं असेल तर उजेडही हिरवाच होऊन येणार.

बयूमी : मग फ्लॅश सरळ तोंडावर मार की! सगळं जग तसंच काढतं.

रौहिया : मार बाई. एकदाचं संपव.

शाहिनाज : बरं. बघ इकडे. ...झाला.

बयूमी : बघ! कुठाय हिरवं?

रौहिया : दाखव.

शाहिनाज : नको.

रौहिया : दाखव म्हणते ना.

शाहिनाज : हे घे.

रौहिया : ...हा तर तुझ्या बाबांच्या फोटोसारखा आलाय. ओळखपत्रावरच्यासारखा.

शाहिनाज : हो.

रौहिया : कपाळ चकचकीत, डोळे बटणासारखे.

बयूमी : पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. मी तेव्हाच म्हटलं होतं, चाळिसाव्याला तो नका लावू.

शाहिनाज : दुसरा होता का, मामा? या गल्लीतल्या प्रत्येकाचा फोटो बाबांनी काढला. त्यांचा कुणी काढला? मी दहा वर्षं म्हणत राहिले, पुढच्या सुट्टीत काढते. शेवटी तो अंगठ्याएवढा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. लोक येऊन वाकून बघत होते, हे उस्ताद रागिबच ना म्हणून.

रौहिया : शाहिनाज.

शाहिनाज : काय?

रौहिया : कुठल्या कोपऱ्याला लावणार आहेस?

शाहिनाज : काय?

रौहिया : काळी फीत, मेलेल्या माणसाच्या फोटोला लावतात ती. डाव्या कोपऱ्याला की उजव्या?

बयूमी : ताई, काहीतरीच काय बोलतेस!

रौहिया : तू फतीर खा. मी हिला विचारतेय. सकाळपासून 'आई बस', 'आई इकडे बघ'. मी काय बावळट आहे?

शाहिनाज : तसं नाही गं. या घरातली एक आठवण असावी, म्हणून...

रौहिया : खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही. तुझ्या बापालाही जमायचं नाही.

शाहिनाज : ...हो. त्याच्यासाठीच काढतेय. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. पुन्हा कुणी वाकून बघायला नको, ही रौहियाच ना म्हणून.

रौहिया : हं.

शाहिनाज : रागावलीस?

रौहिया : नाही. तो दुसरा पुसून टाक. हिरवा पण पुसून टाक. आता काय लागतं ते सांग.

शाहिनाज : काहीतरी पांढरं. मोठं. तुझ्या बाजूच्या कपाटाच्या दारावर टांगायचं, फ्लॅश त्याच्याकडे वळवायचा. तुझे डोळे खोल आहेत, वरून उजेड आला असता तर खड्डे दिसले असते. बाजूनंच बरं. चादर आहे?

रौहिया : चादरी टेम्पोत.

शाहिनाज : पडदे?

बयूमी : मीच उतरवले. माझा गंजीफ्रॉक चालेल का?

शाहिनाज : मामा, तो शेवटचा पांढरा कधी होता?

बयूमी : माझ्या लग्नात.

शाहिनाज : खालच्या मजल्यावर विचारून येतेस का आई, एखादी चादर?

रौहिया : खाली कुलूप आहे. लेकीकडे गेलीत ती.

बयूमी : नमाज सुटत आली असेल. जाऊ दे आता, हुसामकडे काढ. त्याच्याकडे सगळं पांढरंच आहे, दवाखान्यासारखं.

शाहिनाज : तिथं काढलेला या घरातला असेल का? राहू दे. आई, ऊठ. निघू या.

रौहिया : थांब.

(रौहिया बॅगेशी बसते. चेन उघडल्याचा आवाज. ती आतून एक पांढरी घडी बाहेर काढते.)

शाहिनाज : आई, हा तर बाबांचा गलाबिया, तो पायघोळ झगा.

रौहिया : ईदेच्या नमाजचा.

बयूमी : पण तू तर म्हणालीस, सगळे कपडे दिले. चाळिसाव्याच्या आत द्यायचे असतात ताई. मीच गाठोडं मशिदीत पोचवलं.

रौहिया : गाठोड्यात हा नव्हता.

शाहिनाज : आणि घडी अशी, दोरीनं बांधलेली?

रौहिया : धुतलेला नाही. घडी मोडली की त्यांचा वास जातो.

शाहिनाज : मग नको. ठेव परत. मी फोटोशिवाय राहीन.

रौहिया : मी नाही राहायची. बटणासारखे डोळे घेऊन भिंतीवर टांगून घ्यायचं नाही मला. सोड दोरी.

शाहिनाज : आई, नक्की?

रौहिया : सोड लवकर, माझं मन बदलायच्या आत. बयूमी, हात धू आधी! तुपकट बोटं लावशील त्याला.

बयूमी : धुतले, धुतले. कुठं अडकवू? कपाटाच्या दाराच्या या खिळ्याला?

शाहिनाज : हो. बाह्या पसर. थोडा पुढे ओढ. तू बाजूला हो, तुझी सावली पडतेय.

बयूमी : केवढा उंच होता माणूस. टांगल्यावर कळतं.

शाहिनाज : आई, माझ्याकडे बघ.

रौहिया : बघतेय.

शाहिनाज : तू त्याच्याकडे बघतेस.

रौहिया : जरा वेळ बघू दे.

शाहिनाज : ...बरं. तशीच राहा. झाला.

बयूमी : आता कसा आला?

शाहिनाज : घे आई, बघ.

रौहिया : ...डोळे दिसतात.

शाहिनाज : दिसतात.

बयूमी : ताई, अगं, तू तर सुंदर आहेस!

रौहिया : साठ वर्षांनी दिसलं का तुला?

बयूमी : हॉर्न ऐका! गाडीवाला बोंबलतोय. चला, चला.

शाहिनाज : ऊठ आई. मी गलाबिया काढून नीट घडी घालते.

रौहिया : राहू दे एवढ्यात.

शाहिनाज : अगं, तूच सकाळपासून घाई करत होतीस.

रौहिया : बयूमी, गाडीवाल्याला फतीर दे, थांब म्हणावं. मी बसलेय अजून.