आयर्लंडची चाल आणि आमची गवळण

चहा निवायच्या आत ऐका, नाहीतर हा किस्सा दुसरीच कुणीतरी आपला म्हणून मिरवेल. तुंगार्लीच्या एका बंगल्यात मी स्वयंपाकाला होते, तेव्हा तिथल्या बाईंच्या टेपवर व्हायोलिनची एक चाल सारखी वाजायची. ती मी ऐकून ऐकून पेटीवर बसवली आणि आमच्या भजनी मंडळाच्या गवळणीला लावली.

वराळ्याच्या भजन स्पर्धेत नियम होता, चाल पारंपरिकच हवी. सिनेमातली निघाली की मंडळ बाद. गवळण संपते न संपते तोच परीक्षक म्हणाले, "मावशी, ही चाल सिनेमातली वाटते."

"कंच्या सिनेमातली? दावा!"

वाजवलेली चाल ओळखून दाखवणारं काहीतरी त्यांच्या मोबाइलमध्ये होतं; त्याच्यापुढे त्यांनी मला पेटी पुन्हा वाजवायला लावली. शोधता शोधता त्यांचा आवाज उतरला. "ही तर आयर्लंडच्या नाचाची चाल निघाली. तीन रेकॉर्डिंग आहेत, स्वरलिपीसुद्धा आहे."

"बांधली कुनी?"

"पारंपरिक, असं लिहिलंय. कर्ता अज्ञात."

"मग झालं की! कुटली परंपरा, ते तुमच्या नियमात न्हाई लिवलेलं."

तरी ते हेका सोडेनात. "पण तुमची चाल तिन्ही रेकॉर्डिंगांपैकी एकाशीही तंतोतंत जुळत नाही."

"त्या तिगांचं तरी एकमेकांशी जुळतं का?"

"नाही."

"मग ही चवथी. लिवून घ्या."

आम्ही बाद झालो नाही. परीक्षकांनी खरंच कागद काढून चाल लिहिली. मी ती त्यांना मोठ्यानं म्हणून दाखवायला लावली. दोन ठिकाणी चुकले होते, दुरुस्त करून दिलं.