खालच्या आळीचा बांध

— नाही मास्तर, असं मधूनच लिहायला लागू नका. आधी तारीख घाला. बुधवार, १० नोव्हेंबर १९५४, कार्तिकी पौर्णिमा. आभाळ स्वच्छ, वारा पश्चिमेचा, पहाटे गारवा होता, आता ऊन चांगलं तापलंय. भरती एक वाजून दहाला, उधाणाची. हसताय? हसा. पलटणीत भरती झालो तेव्हा मी मराठी चौथी शिकलेला, बाकी सगळं रोजची वही लिहून शिकलो. सोळा वर्षांत एक दिवस चुकला नाही. कोरियात दौतीतली शाई गोठायची, तर पेन्सिलीनं लिहायचो. तारीख आणि हवा लिहिली की पुढचं माणूस जपून लिहितो — खोटं लिहायला हात धजत नाही. निदान असं मला वाटायचं.

तुमचा कागद वाचला मी. दोनदा वाचला. वर तुमच्या ठाण्याच्या सलोखा मंडळाचा शिक्का, खाली काळुरामचा अंगठा — केवढा दाबून उठवलाय, बघा, शाई पसरलीय. खालच्या आळीचा म्होरक्या ना तो. वरच्या आणि खालच्या आळीनं पूर्वीसारखा एकत्र बांध राखायचा, कुठेही बांध फुटून खांड पडली आणि मदतीची हाळी आली की दोन्हीकडनं घरटी एका माणसानं चिखलाची टोपली घेऊन धावायचं. वरच्या आळीतर्फे या सहदेवची सही झाली की सात वर्षांचं भांडण मिटलं. असंच ना? मग बसा की. सही काय पळून जातेय. चहा घ्या. आमच्या सगुणानं केलाय, माझ्या धाकट्या भावाची बायको ती — धाकटा नाही आता. तेच सांगतो.

तुम्ही विचारलंत, भांडण मुळात कशावरून. तुमच्यासारखाच एक स्वीडिश साहेब तिकडे कोरियात विचारत फिरायचा — दुभाष्या बरोबर, हातात वही — की बाबांनो, एक भाषा, एक भात खाणारे तुम्ही, हे सुरू कुणी केलं? उत्तरेचा सांगायचा, दक्षिणेनं. दक्षिणेचा सांगायचा, उत्तरेनं. दोघं तारीखसुद्धा तीच सांगायचे! मी म्हटलं मनात, साहेब, लांब कशाला जाता, आमच्या खाडीवर या. आमचा बांध एक होता, मास्तर. खारं पाणी बाहेर, गोडं भात आत, आणि पावसाचं पाणी सोडायला उघाडीही एकच. बांध कुणाचा, हे विचारायचं कारणच नव्हतं — फुटला तर सगळ्यांचं भात जाणार. मग सत्तेचाळीस साली मोजणीवाला आला. चांगला माणूस, जेवला आमच्याकडे. त्यानं चिंचेपाशी दगड पुरला — इकडचा बांध वरच्या आळीनं राखायचा, तिकडचा खालच्या. कागदावर कसं छान दिसलं. सोय झाली म्हणाले सगळे. आणि त्याच पावसाळ्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं — तो तुमचा बांध, आम्ही का यावं? झालं. कोरियातली रेघही अशीच ओढलेली, म्हणे, दोन साहेबांनी, नकाशावर, घाईघाईत. ज्यांचे पाय त्या चिखलात नव्हते अशांनी. तुम्ही लिहून घ्या हे — कारण विचारलंत म्हणून सांगितलं. माणसं वाईट म्हणून भांडत नाहीत. कुणीतरी सोय करून देतं.

पण मला त्या रेघेचं काही नाही. माझं देणं-घेणं नाथाशी आहे, माझ्या धाकट्याशी.

एकोणपन्नास सालचा भादवा. मी तेव्हा जबलपूरला. आमच्या बाजूला खांड पडली, नऊ हात रुंद. हाळी दिली. आमचे सगळे धावले. खालच्या आळीचे आले नाहीत — आपल्या बांधावर उभे राहिले, हात बांधून, तमाशाला उभे राहतात तसे. दहा टोपल्या जास्त पडल्या असत्या ना मास्तर, तर खांड बुजली असती. नाथा आत उतरला, पाठीनं पाणी अडवायला — आमच्यात उतरतात तसे, एकाच्या पाठीशी दुसरा टोपली ओततो. पाठीशी माणूसच कमी पडला. पाण्यानं त्याला आत ओढला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मिळाला, उघाडीच्या फळीला अडकलेला. मला तार पाचव्या दिवशी. वहीत एवढंच लिहिलंय — नाथा गेला, हवा ढगाळ. त्या दिवशी मी ठरवलं, या लोकांना एकदा हाळी द्यायला लावीन. एकदाच. आणि ऐकत बसेन.

नाही नाही, उठू नका. तापट माणूस नाही मी. हात उगारलेला नाही कुणावर. शांतता राखायला पाठवलेलं मला सरकारनं, जगाच्या दुसऱ्या टोकाला! सांगतो ते. त्रेपन्नच्या सप्टेंबरात पोचलो. दक्षिणेचा म्हातारा अध्यक्ष अडून बसलेला — हिंदी सैनिकाचा पाय माझ्या मातीला लागता कामा नये. तर आम्हाला बोटीवरनं हेलिकॉप्टरात उचलून त्या मधल्या पट्ट्यात नेऊन ठेवलं, खांबावर कोंबड्या बसवाव्यात तसं. तिथे आमची छावणी, हिंदनगर. आणि तारेच्या आत बावीस-तेवीस हजार कैदी — घरी परत जायचं नाही म्हणणारे. आमचं काम काय? प्रत्येकाला विचारायचं, बाबा, जायचंय की नाही. तंबूत एका दारानं आणायचा, त्याच्या देशाचा अधिकारी समजावणार, आम्ही बाजूला उभे. मग दोन दारं. एका दारानं घरी, दुसऱ्यानं परत तारेत. काही जण धड या दारानं नाही, धड त्या दारानं — ऐंशीच्या वर माणसं, कुठलाच नको, तिसराच देश द्या म्हणाली. आमच्या बोटीतनं मद्रासला आली. त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

आणि ज्याला खरंच घरी जायचं असे, त्याला आतलेच मारत. हे तुमच्या वर्तमानपत्रात आलं नसेल नीट. एक होता, चौदाव्या कुंपणातला, कोवळा, दात पुढे. सकाळी भात वाटताना तारेपाशी यायचा, मला बोटानं खुणावायचा — तिकडे, डोंगराकडे, घर. एके दिवशी धावतच आला, तारेवर चढला. मागनं चौघं आले. हुकूम होता, एकट्यानं आत शिरायचं नाही, शिट्टी वाजवायची, तुकडी बोलवायची. वाजवली मी. वाजवली ना! पण — आधी घड्याळ बघितलं. सवय हो. आठ वाजून चाळीस. तेवढ्यात त्याला खाली ओढलेला. किती वेळ लागतो घड्याळ बघायला? सांगा तुम्ही. काहीच नाही. शिट्टीला उशीर का, हे चौकशीत मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तटस्थ होतो आम्ही. काही केलं नाही म्हणून तटस्थाला कुणी धरत नाही, मास्तर. हे मी तिकडे शिकलो.

काय? चहा गार झाला तुमचा. दुसरा सांगू? — अगं सगुणा! — कुठे गेली ही.

सगुणाचं विचारताय? ती काय म्हणते? ती बाईमाणूस, ती... बरं, तुम्ही लेखणी खाली ठेवा, सांगतो. गेल्या महिन्यात, दिवाळीच्या फराळाचं करता करता, मला म्हणाली — ‘भावोजी, एक सांगाचंय. त्या दिसी काळुराम आलता. टोपली घेवन आलता, पोरं बी आलती त्याची. आपल्याच माणसांनी चिंचेपाशी अडवला. दगडाच्या अलीकडं पाय ठेवू नको म्हनले. तो मंग तिथंच उभा रायला, रडत व्हता.’ पाच वर्षं पोटात ठेवलं तिनं. मी म्हटलं, आत्ता का सांगतेस? म्हणाली, तुमची वही बघून भ्या वाटतं.

असेल. आला असेल. मग? नुसतं उभं राहून काय होतं? ढकलून यायचं होतं! कुणी दगडावर अडवलं म्हणून माणूस थांबतो? माझ्या भावाला पाणी ओढतंय आणि हा दगड पाळतो? खरं सांगू, ती सांगेपर्यंत माझा राग काळुरामवर होता, आता कुणाकुणावर आहे तेच समजत नाही, आणि म्हणून तो कमी होत नाही. आमच्यात अडवणारे कोण, तेही मला ठाऊक आहे. त्यातले दोघं आता अंगणात उभे आहेत बघा, पोपट आणि राघो, माझ्या तोंडाकडे बघत.

का उभे आहेत? तेच तर. तुम्ही ऐकलं नाही का मघापासून? तुम्ही शहरातले, तुम्हाला वाटलं असेल गुराख्याची हाक. ती हाळी आहे. खालच्या आळीची. बारा पन्नासला पहिली आली, आता ही चौथी.

बसा! तुम्ही काय करणार तिथे जाऊन, धोतर नेसून? मी कुदळ लावलेली नाही. देवाशपथ नाही. पहाटे बांधावरनं फेरी मारली, नेहमीसारखी. दगडाच्या पलीकडे साठ पावलांवर खेकड्यानं भोक पाडलंय, आतल्या अंगाला माती ओली, रात्रीच्या भरतीचं पाणी पाझरलेलं. एक टोपली चिखल दाबला असता तर बुजलं असतं. माझ्या बाजूचं नव्हतं ते. वहीत लिहिलं — पाच वाजून पन्नास, हवा थंड, भोक बोटभर. आणि तुमचा निरोप आलेला होता की अकराला येतो. म्हटलं, या, बसू. बोलू. भरती होईपर्यंत बोलत राहायला विषय आहेच, कोरिया मोठा आहे.

असं बघू नका माझ्याकडे. तुमचा कागदच सांगतो ना — सही झाल्यावर धावायचं. सही झालेली नाही. मी तटस्थ आहे. त्यांचं भात पिकून उभं आहे, आठ दिवसांवर कापणी, माहीत आहे मला, हिरवं-पिवळं इथनं दिसतंय. आमचंही असंच उभं होतं. बघा, आता पाणी चकाकायला लागलं आतल्या बाजूला. हे बघायचं होतं मला, पाच वर्षं हे—

ती कोण निघाली? पोपट, कोण गेली रे ती कुंपणावरनं? — सगुणा! अगं ए! टोपली ठेव खाली! सगुणा, मी सांगतोय तुला, त्या दगडाच्या पलीकडे — तुझा नवरा त्यांच्यामुळे—

ऐकत नाही. पदर खोचलाय. मागे वळूनसुद्धा... राघो, तू कुठे निघालास? पोपट! अरे, तुम्हीच अडवलेलं ना त्याला, तुम्हाला काय तोंड आहे तिथे जायला? थांबा! कुणी जायचं नाही. मी सांगितल्याशिवाय कुणी...

मास्तर, तुम्ही तो कागद माझ्यापुढे सरकवू नका. सही होणार नाही आता. इथनंच बघू. बसा. काही बोलू नका.

...

दोन वाजले. खांड बुजली. ती वर आली, सगुणा, बरी आहे, गळ्यापर्यंत चिखल आहे. काळुराम हात धरून चढवतोय तिला. पाणी अडवायला उतरलेले दोघं आतनं वर आले, ते आमचेच, पोपट आणि राघो.

मोजून सांगतो, लिहा. खांड अकरा हात. खालच्या आळीचं सव्वीस एकर भात खाऱ्या पाण्याखाली, अठ्ठावीस एकर वाचलं. माणूस दगावलं नाही. वरच्या आळीतनं पाच जण मदतीला धावले, चार पुरुष, एक बाई. सही झाली नाही. निघा तुम्ही, डोंबिवली स्टेशनाची वाट डावीकडनं आहे.